खोक्यावरचं वाङ्मय

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये सबवूफर घेणारा माणूस आवाज ऐकायच्या आधी खोकं वाचतो. खोक्यावरचा मजकूर हेही एक वाङ्मयच आहे, आणि अतिशयोक्ती हा त्यातला लाडका अलंकार. त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही.

सर्वांत ठळक आकडा वॅटचा. नव्वदच्या दशकात भारतात टू-इन-वन घेतलेल्यांना 'पीएमपीओ' आठवत असेल. एवढ्याशा डब्यावर हजार वॅट! ती शक्ती कशी मोजली, याला काही धरबंध नव्हता. तिचा सुटाबुटातला भाऊ म्हणजे 'पीक पॉवर'. तो अजूनही मोठ्या टाइपात असतो, आणि सतत देता येणारी शक्ती बारीक अक्षरांत. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी १९७४ सालीच नियम केला आणि २०२४ मध्ये तो सुधारला, यावरून हा रोग किती जुना आहे ते कळावं. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ३०० आणि ५०० वॅटमधला फरक जेमतेम २ डेसिबलचा. किमतीतला फरक मात्र खिशाला चांगलाच ऐकू येतो.

दुसरा दावा '२५ हर्ट्झपर्यंत'. पण किती डेसिबल घसरून? उणे ३ असेल तर ठीक. उणे १० असेल तर तिथे शक्तीचा दहावा हिस्सा उरलेला असतो. हे न लिहिलेला आकडा वाचूच नये. लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. हा नियम केएलएच कंपनीतल्या 'एच'चा, म्हणजे जोसेफ हॉफमन यांचा (प्रसिद्ध पियानोवादक हॉफमन यांचे हे चिरंजीव).

आता आपल्या गाण्याकडे येऊ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. म्हणजे ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा सबवूफर मैफलीला पुरून उरतो. त्याखालची चढाओढ सिनेमातल्या स्फोटांसाठी आहे. खरी मेख क्रॉसओव्हरमध्ये आहे, म्हणजे कुठल्या स्वरापासून खाली सबवूफरने बोलायचं यात. ८० हर्ट्झ ठेवलं तर सूर कुठून येतोय ते सहसा कळत नाही. पण अशा संचांबरोबर येणारे मुठीएवढे स्पीकर तेवढं खाली उतरूच शकत नाहीत, म्हणून हद्द १५०च्या आसपास न्यावी लागते. काळी एकचा षड्ज १३९, मंद्र पंचम १०४! म्हणजे गायक मंद्रात उतरला की समोरून उठून सोफ्यामागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. आई-वडिलांच्या कॅसेटवरून जपून उतरवून घेतलेल्या मैफलीची ही अवस्था मला फार लागते. आणि खोक्यावर त्या छोट्या स्पीकरांबद्दल असतं काय, तर रंग.

ज्याबद्दल खोकं बोलूच शकत नाही, ती म्हणजे तुमची खोली. १४ फूट लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झची लाट भिंतींपाशी गरजते आणि मधोमध जवळजवळ गप्प होते. एकाच वेळी एकाला 'फार घुमतंय' आणि दुसऱ्याला 'बेसच नाही' असं वाटतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. लाकडी सांगाडा आणि ड्रायवॉलच्या आपल्या इथल्या घरांत तर ती लाट शेजाऱ्यांकडेही जाऊन येते.

यावरचा उपाय फुकट आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, डग्गा ठसठशीत वाजणारं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे डग्गा डग्ग्यासारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवा. मुलं व्हिडिओ काढतील, काढू द्यात.