पोवाड्यात न मावलेली घरे

बेचाळीसच्या लढ्यावरील पोवाडे आणि आठवणी वाचताना ‘गनिमी कावा’ हा शब्द इतका सढळ हाताने वापरलेला आढळतो की, त्याचा नेमका अर्थच विसरायला होतो. आम्हां मोर्शीकरांना ही तक्रार करण्याचा थोडा अधिकार आहे. वर्धा ओलांडली की आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीला आणि चिमूरला झाला तो उघडा उठाव. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेली माणसे दिवसाढवळ्या चालून गेली. लपायची जागा कोणी हेरून ठेवली नव्हती. साताऱ्याचे प्रतिसरकार निराळे. त्याच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ गाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना. आणि चळवळ १९४६ पर्यंत टिकली.

का टिकली, हे पोवाडा सांगत नाही. शाहीर शंकरराव निकमांच्या डफावरची थाप मी मुळीच कमी लेखत नाही. गाव जागे करणे हे पोवाड्याचे काम, ते त्याने चोख केले. पण त्याला नायक लागतो, स्वारी लागते, फत्ते लागते. रात्री भूमिगताला दार उघडणारी, भाकरी थापणारी आणि सकाळी फौजदारापुढे ‘कोणी आले नव्हते’ म्हणणारी बाई त्यात मावत नाही.

सरकारने मात्र तिला बरोबर ओळखले होते. सामुदायिक दंड गुन्हेगारावर नसतोच. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दार बंद करावे म्हणून तो असतो. चिमूरच्या स्त्रियांवर लष्कराने केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी यासाठी प्रा. भन्साळींना त्रेसष्ट दिवस उपास करावा लागला. पुढे १९५० पासून मलायात इंग्रजांनी याचेच शास्त्र बनवले: रानाकडेच्या सुमारे पाच लाख लोकांना काटेरी तारांच्या नव्या वस्त्यांत हलवले, आणि तांदूळसुद्धा मोजून दिला.

पोन्तेकोर्वोच्या १९६६ च्या चित्रपटात अल्जीयर्सची बाई ठळक दिसते खरी, पण तिच्या टोपलीत बाँब असतो म्हणून! भाकरीची टोपली तिथेही मागेच राहते.

मला मराठीत एक कादंबरी हवी आहे. तिची सुरुवात लुटीने होत नाही. तव्यावर चार भाकऱ्या जास्तीच्या पडतात आणि घरातले पोर विचारते, ‘ह्या कोणासाठी?’