कालचे पत्र, जुना कागद

ऐतिहासिक मालिका पाहताना माझे लक्ष तलवारीपेक्षा कागदाकडे अधिक जाते. जासूद येतो, मुजरा करतो, खलिता पुढे करतो. आतून कागद निघतो तो पिवळा पडलेला, कडा जळालेल्या, अंगावर चहाचे डाग! पत्र लिहून महिनाही लोटलेला नसतो. कागद मात्र अडीचशे वर्षांचा. कलादिग्दर्शकाने तो आज दफ्तरात सापडावा तसा बनवलेला असतो, पेशव्यांच्या हाती पडला तसा नव्हे.

हा दोष क्षुल्लक वाटेल. पण नेपथ्याचे सारे मर्म येथेच आहे. पानिपतच्या संहाराची वार्ता १७६१ साली नानासाहेब पेशव्यांना मोत्या-मोहरांच्या सांकेतिक भाषेतल्या एका सावकारी पत्रातून कळली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या घटकेला त्या पत्रात जुने असे काय होते? घोटीव कागद, काजळाची काळीभोर शाई, बोरूचे ताजे वळण! अशा कोऱ्या करकरीत कागदावरून आलेला मृत्यू अंगावर काटा आणतो. डागाळलेला कागद पाहिला की आपण म्हणतो, ‘फार पूर्वीची गोष्ट!’ आणि सुस्कारा टाकून मोकळे होतो.

अक्षरांचीही तीच गत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे. शब्द तोडायचे नाहीत. मालिकेतले पत्र मात्र बाळबोधीत, शब्दाशब्दांत अंतर राखून! प्रेक्षकांना मोडी येत नाही, हे उत्तर ठरलेले. पण दरबारी कागद कारकून-चिटणीस वाचून दाखवीतच की! मजकूर त्यांच्या मुखाने ऐकवावा आणि कागद खरा राहू द्यावा.

आपल्याकडे कारागिरीची वाण नाही. ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) मालिकेसाठी नितीन देसाई यांनी कर्जतजवळ शिवकाल उभा केला. आधारांचीही वाण नाही. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले. मूळ कागद पुण्यात आजही जतन केलेले आहेत. महाल उभारणाऱ्या हातांना एक पत्र का जड जावे?

आजची मुले इतिहासाच्या पुस्तकाआधी मालिका पाहतात. आपले पूर्वज जन्मतःच जुने होते, अशी त्यांची समजूत होऊ नये. त्या माणसांनाही उद्या काय वाढून ठेवले आहे, हे ठाऊक नव्हते. पत्र उघडताना त्यांचेही हात कापत होते.