हुसेन यांचें आत्मचित्र

ज्या गांवीं देवासही आई म्हणतात, त्या पंढरपुरांत १९१५ सालीं मकबूल फिदा हुसेन जन्मले. आणि ते तान्हे असतांनाच त्यांची आई निवर्तली. तिचा चेहरा त्यांस कधींच आठवला नाहीं. पुढें मुंबईंत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेल्या व २०११ सालीं लंडनमध्यें वारलेल्या या चित्रकारानें आपली पांढरी दाढी व अनवाणी पाय जगास पुष्कळ दाखविले,—किंचित् अधिकच, असें आम्हांस वाटतें. आरशांतला हुसेन तेवढाच. मदर तेरेसांच्या चित्रमालेंत मात्र निळ्या कांठाची पांढरी साडी आहे, मांडीवर मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागीं नुसता काळोख! रसिक त्या काळोखापाशींच थबकतात. त्यांनीं एकदां मांडीवरच्या मुलाकडे पाहावें. हुसेन यांचें आत्मचित्र आम्हांस तेथें दिसतें.