निवेदनांचे वाङ्मय

पावसाने पाठ फिरविली, किंवा अवेळी कोसळून उभे पीक नेले, की मराठवाड्यात गद्याचा एक प्रकार भरास येतो. त्याचे नाव निवेदन. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीत ते दाखल होते. तेथून विभागीय आयुक्तांकडे, पुढे मुंबईस आणि अखेर राज्य शासनाच्या मागणीपत्रात मिसळून दिल्लीस जाते. कथाकाव्यांची परीक्षणे या पृष्ठांवर नित्य होतात. मग ज्या गद्यावर हजारो घरांची चूल अवलंबून आहे, त्याचे परीक्षण आम्ही का करू नये?

या गद्याचा साचा ठरून गेलेला आहे. आरंभी नमन, मध्ये विलाप आणि शेवटी ‘योग्य ती मदत मिळावी’ ही प्रार्थना. विलाप खोटा असतो, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोष आहे तो इतकाच, की आपला वाचक कोण, याचे भान लेखकास नसते. दिल्लीतील अधिकारी हळवा नसतो, तसा तो निर्दयही असतोच असे नाही. त्याच्यापुढे नियमांचे कोष्टक असते. पिकाची हानी ३३ टक्के वा अधिक असल्याखेरीज ते उघडत नाही. २०१५ पूर्वी तर ही मर्यादा ५० टक्के होती. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरविलेले केंद्राचे दर हेक्टरी जिरायतीस ८,५००, बागायतीस १७,००० व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये असे होते. आणि तेही दोन हेक्टरांपुरतेच. ‘योग्य ती’ या शब्दांसाठी त्या कोष्टकात रकानाच नाही.

खरा युक्तिवाद येथूनच सुरू व्हावयास हवा. पैठण वा जालन्याकडील शेतकऱ्याची मोसंबीची बाग वाळली, तर त्याचे केवळ एका हंगामाचे उत्पन्न जात नाही. नवे झाड लावून त्यास फळ धरेपर्यंत चार-पाच वर्षे लोटतात. हेक्टरी एकदाच दिलेली रक्कम त्या वर्षांचा हिशेब कसा भागविणार? हा प्रश्न आकड्यांनिशी विचारणारे निवेदन आमच्या पाहण्यात क्वचितच आले. बागायतदाराच्या डोळ्यांतील पाण्याचे वर्णन मात्र बहुतेकांत आढळते.

काळाचेही तसेच. २०१८ साली महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. केंद्रीय पथक डिसेंबरात पाहणीस आले आणि केंद्राने सुमारे ४,७१४ कोटी रुपयांची मदत मंजूर केली ती २९ जानेवारी २०१९ रोजी. रक्कम लहान नव्हती. परंतु तोवर खरीप संपून गेले होते व रब्बीच्या पेरणीचा काळही सरला होता. उशिरा आलेल्या मदतीने सावकाराचे व्याज फार तर फिटते, पेरणी होत नाही. म्हणून मागणी रकमेची असावी तशीच मुदतीचीही असावी.

यावर कोणी म्हणेल, की रडल्याशिवाय आईदेखील बाळास पाजीत नाही; मग निवेदनात रडू नये तर काय करावे? म्हण खरी आहे, पण येथे ती लागू पडत नाही. सरकारी कोषागार म्हणजे आई नव्हे. त्यात जमा होणाऱ्या करांत या प्रदेशाचाही वाटा असतो, आणि आपला वाटा मागणाऱ्याने याचकाचा स्वर लावला, म्हणजे देणाऱ्यासही आपण दान करीत आहो असे वाटू लागते. भाषेने घडविलेला हा भ्रम पुढे व्यवहारात उतरतो.

उलट ज्या मागण्यांनी काही चिरस्थायी घडविले, त्यांची भाषा पाहावी. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अन्नाआधी काम मागितले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या विचारास त्यातून बळ मिळाले. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली केंद्रानेही त्याच तत्त्वावर देशासाठी कायदा केला. एका प्रदेशाची आपत्ती अशी साऱ्या देशाचा नियम झाली. गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे रुंदमापी रेल्वेचा व वैधानिक विकास मंडळाचा प्रश्न लावून धरला, तोही हक्काच्या भाषेत. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदाचा आधार त्यामागे होता. २०१६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाची नियमपुस्तिका सुधारण्याचा आदेश केंद्रास दिला, तोही ‘स्वराज अभियाना’ने कायद्याचे कलम पुढे करून दाद मागितली म्हणून.

दिल्लीचा यात दोष नाही, असा अर्थ कोणी काढू नये. सुधारलेल्या नियमांतही पाऊस, पीक, जमिनीतील ओल, जलसाठे अशा कसोट्यांची इतकी दारे आहेत, की तहानलेले गाव शेवटच्या दारापाशी पोहोचेपर्यंत हंगाम उलटतो. परंतु त्या दारांवर नेमके बोट ठेवावयाचे, तर ती आधी वाचावी लागतात. आणि आमच्या निवेदनकर्त्यांनी ती वाचल्याची खूण त्यांच्या लेखनात दिसत नाही.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या निवेदनातून ‘योग्य ती’ हे शब्द काढून टाकावेत. त्यांच्या जागी किती हेक्टर, कोणते पीक, कोणत्या नियमान्वये, त्या नियमात काय उणे आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, ही पाच उत्तरे लिहावीत. इतके झाल्यावर दुःखाचे एक वाक्य राहिले तरी पुरे. त्यामागे पुरावा उभा असल्याने ते अधिक खोल जाईल.