कृत्रिम तालाची गोडी

अस्सल वस्तूची नक्कल वाईट उतरली म्हणजे ती टाकाऊ समजावी, हा व्यवहाराचा नियम आहे. आणि बहुतेक ठिकाणीं तो खराहि ठरतो. परंतु कलेच्या प्रांतांत या नियमास अपवाद सांपडतात. अशाच एका अपवादाचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे. वादकाची जागा घेण्यासाठीं निघालेलीं जुनीं, स्वस्त, विजेचीं तालयंत्रें आज जगभर आवडीनें ऐकिलीं जातात. आणि तीं हुबेहूब वाजतात म्हणून नव्हे, तर हुबेहूब वाजत नाहींत म्हणून! हा रुचीचा विपर्यास आहे, कीं यांत कांहीं तथ्य आहे?

वाचकांपैकीं पुष्कळांस हा प्रश्न दूरदेशींचा वाटेल; पण तो तसा नाहीं. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, गाणें शिकणाऱ्या मुलांच्या घरीं सकाळीं बटण दाबतांच विजेचा तबला तीनतालाचा ठेका धरतो, आणि मुलें निमूटपणें त्याच्या मागून जातात. शिवाय या विषयाचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्याच मुंबईंत घडलेलें आहे.

१९८२ सालीं चरणजितसिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानें काढिली. हे गृहस्थ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व बास गिटार वाजवीत. या मुद्रिकेंत मात्र त्यांनीं रोलंड कंपनीचीं तीनच यंत्रें घेतलीं : तालासाठीं ‘टीआर-८०८’, खर्जासाठीं ‘टीबी-३०३’ आणि सुरांसाठीं ‘ज्युपिटर-८’. त्या वेळीं मुद्रिकेकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें २००२ सालीं ती एका डच संग्राहकाच्या हातीं लागली, २०१० सालीं पुन्हां निघाली, आणि शिकागो शहरांत पांच वर्षांनंतर उदयास आलेल्या ‘ॲसिड हाउस’ नामक नृत्यसंगीताशीं तिचें साम्य पाहून पाश्चात्य रसिक थक्क झाले. चरणजितसिंग २०१५ सालीं वारले.

यांतील तालयंत्राची हकीकत पाहण्यासारखी आहे. त्याच्याच बरोबरीनें, १९८० सालीं, अमेरिकेंत खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजविणारें लिन यांचें यंत्र निघालें. त्याची किंमत सुमारें ५,००० डॉलर होती. ‘८०८’ सुमारें १,२०० डॉलरांस मिळे, कारण त्यांत खरा आवाज मुळीं नव्हताच. विजेचें एक मंडल क्षणभर थरारून शांत होतें, तो मोठा ढोल. नुसत्या खरखरीचे तीन-चार झटके, ती टाळी. दोन बेसूर शिट्या एकत्र केल्या कीं ती घंटा! १९८३ सालीं तें बंद पडलें. तोंवर सुमारें १२,००० यंत्रें तयार झालीं होतीं. मग तीं जुन्या बाजारांत स्वस्तांत विकलीं गेलीं, आणि म्हणूनच वादक ठेवण्याची ऐपत नसलेल्या तरुणांच्या हातीं पडलीं. त्यांनीं यंत्रास ‘तूं ढोलासारखें कां वाजत नाहींस?’ असें विचारिलें नाहीं. ‘तुला काय येतें?’ असें विचारिलें. कोणत्याहि कातड्यांतून निघणार नाहीं असा तो लांबणारा, पोटांत घुमणारा नाद त्यांस तेथें सांपडला. नक्कल फसली होती, पण फसतां फसतां एक नवें वाद्य जन्मास आलें होतें.

आतां मुद्रिकेकडे वळूं. तिच्या कौतुकाच्या भरांत एक गोष्ट विसरली जाते, ती ही कीं ताल आणि ठोका एक नव्हेत. ठेक्यास सम असते, खाली असते; बायाचा घुमारा मिटला म्हणजे खाली आली हें जाणत्या कानास न सांगतां कळतें. या यंत्राची प्रत्येक मात्रा मात्र सारख्याच वजनाची. त्यामुळें पहांटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच घोड्यावर बसून एकाच वेगानें धांवतात. आलापास अवकाश नाहीं, विश्रांतीस जागा नाहीं. रागदारी म्हणून ही मुद्रिका उणीच आहे, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें. तथापि खर्जाचें यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतें तेव्हां मींडेचा अनपेक्षित भास होतो. आणि त्या निर्विकार ठोक्यावर स्वरांचीं वळणें इतकीं उघडीं पडतात कीं रागाचा सांगाडा प्रथमच पाहिल्यासारखा वाटतो. ही मोहिनी खोटी नव्हे.

आमच्या शहरास तर हा अनुभव नवा नसावा. बीबीका मकबरा पाहण्यास येणारा प्रवासी ताजमहालाची मोजपट्टी घेऊन येतो, घुमट संगमरवरी पण भिंतींस चुन्याचा गिलावा हें पाहून नाक मुरडतो, आणि परत जातो. डोंगरांच्या पार्श्वभूमीवरची ती सडपातळ, किंचित् उदास आकृति त्यानें पाहिलेलीच नसते. हिमरूचेंहि तसेंच. सोन्या-रुप्याच्या किनखापाची ऐपत नसणाऱ्यांसाठीं सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून तें विणिलें गेलें. आज हिमरूस किनखापाची नक्कल म्हणून कोण ओळखतो? उलट यंत्रमागावर आतां हिमरूचीच नक्कल निघते, आणि हातमागावरचा विणकर ग्राहकाची वाट पाहत बसतो.

येथेंच खरी अडचण आहे. नक्कल स्वतंत्र कला होऊं शकते, म्हणून ती कोणाच्या पोटावर पाय देत नाहीं असें नाहीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत एके काळीं एका गाण्यास पन्नास-पन्नास वादक बसत. गेल्या शतकाच्या अखेरीस यंत्रें आलीं आणि ते वृंद मोडले. चरणजितसिंग त्याच वृंदांतले होते, आणि ज्या खर्जयंत्रानें त्यांस उशिरां कीर्ति दिली तें बास गिटारवाल्याची जागा घेण्यासाठींच बनलेलें होतें! आम्ही घरीं बसून त्या आवाजाची गोडी चाखतों, तेव्हां ढोलकीवाल्याची रिकामी बैठक आम्हांस दिसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

तरीहि एक भेद करतां येतो. चरणजितसिंगांनीं यंत्राचा खोटेपणा लपविला नाहीं. त्यांच्या ठोक्यांत तबला असल्याचा बहाणा नाहीं. तेथें माणसानें यंत्र वाजविलें. आमच्या घरांतली तालाची पेटी मात्र तबला असल्याचें सांगते, आणि तेथें गाणारें मूलच यंत्राच्या तालावर चालतें. गायक चुकला तर तबलजी सांवरून घेतो, रंगला तर त्याच्याबरोबर रंगतो. पेटीस दोन्ही येत नाहीं. मात्रा मोजण्यापुरती ती जरूर असावी, पण तिच्याच संगतींत वाढलेल्या मुलास संगत म्हणजे काय हें कळणार नाहीं. तेव्हां त्या जुन्या यंत्राचा आवाज आवडणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं; आमची विनंति इतकीच, कीं आठवड्यांतून एक दिवस घरांतली पेटी बंद ठेवावी आणि गल्लींतल्या तबलजीस बोलवावें.