दशांशचिन्हापुढचे अंक : किती खरे, किती शोभेचे?

संगणकावरील खेळांत स्वतः आज्ञा लिहून भर घालणाऱ्या विद्यार्थ्याला निर्देशक भूमिती पदोपदी भेटते. माणूस, मोटार, दार कोठे ठेवायचे हे तीन निर्देशकांनीच सांगावे लागते. अशा आज्ञावलीतील एका प्रसिद्ध नमुन्याचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत.

'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन आंद्रेआस' हा खेळ २००४ साली आला. (खेळ प्रौढांसाठी आहे, तो वर्गात दाखवावा असे आमचे म्हणणे नाही.) अनेकांना तो एकत्र खेळता यावा म्हणून 'सॅम्प' नावाची जोड इतरांनी तयार केली. तिच्यासाठी 'पॉन' या भाषेत आज्ञा लिहायला बसलेल्या नवशिक्यासमोर एक तयार नमुना येत असे. त्यात खेळाडूची सुरुवातीची जागा १९५८.३७८३, १३४३.१५७२ आणि उंची १५.३७४६ अशी दिलेली असून त्याच्या तोंडाची दिशा २६९.१४२५ अंश आहे.

या खेळात एक एकक म्हणजे ढोबळमानाने एक मीटर. म्हणजे चौथे दशांशस्थळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे झाले! माणूस रस्त्यात कोठे उभा करायचा, यासाठी इतका काटेकोरपणा कशाला? खेळाडू जेथे उभा होता तेथील आकडे संगणकाने छापले आणि ते तसेच आज्ञावलीत उतरले, एवढाच याचा अर्थ. तोच खेळाडू पुन्हा 'त्याच' जागी उभा राहिला, तर पहिल्या दशांशस्थळातही फरक पडेल.

पण नमुन्यातील खरी गोम पुढेच आहे. पॉन भाषेत अशी प्रत्येक संख्या ३२ द्विमान अंकांच्या जागेत बसवतात. चिन्ह आणि घातांक यांची सोय केल्यावर सार्थ अंकांना २४ स्थाने उरतात. १९५८ हा पूर्णांक लिहायलाच त्यांपैकी ११ लागतात. राहिली १३. म्हणून अपूर्णांकाची सर्वांत लहान पायरी १/८१९२, म्हणजे सुमारे ०.०००१२२ होते. छापलेले चौथे स्थळ ०.०००१ चे आहे. पायरी त्याहून मोठी आहे!

याचा परिणाम पाहा. १९५८.३७८६ ही संख्या साठवायला दिली, तर तिला जागाच नाही. जवळची पायरी १९५८.३७८५४ ही आहे. चार स्थळांपर्यंत परत छापल्यास उत्तर १९५८.३७८५ येईल. त्यापुढची पायरी थेट १९५८.३७८६६, म्हणजे छापताना .३७८७. उंचीची गोष्ट निराळी. १५ ला चारच स्थाने पुरतात, वीस उरतात आणि पायरी सुमारे दशलक्षांश मीटरची होते. एकाच ओळीत, सारख्याच थाटात छापलेल्या चार स्थळांचा अर्थ असा दोन ठिकाणी वेगवेगळा आहे. नमुना काम चोख करतो, यात वाद नाही. पण शिकवण्याचा नमुना म्हणून तो फसवा आहे.

शहराएवढ्या पटावर यामुळे काही बिघडत नाही. पट मोठा झाला की बिघडते. २०११ साली प्रथम आलेल्या 'केर्बल स्पेस प्रोग्रॅम' या अवकाशयानांच्या खेळात 'केर्बिन' हा ग्रह त्याच्या सूर्यापासून सुमारे १ कोटी ३६ लाख किलोमीटरांवर आहे. आरंभबिंदू सूर्यात ठेवून याच २४ स्थानांत मीटर मोजले, तर तेथे पायरी १०२४ मीटरची होईल. एका यानाचे दोन भाग शेजारी ठेवणेच अशक्य! सुरुवातीच्या काळात दूर गेलेली याने कारण नसताना थरथरून मोडत. खेळाडूंनी त्या संकटाला 'क्राकेन' या समुद्रराक्षसाचे नाव दिले. कर्त्यांनी शोधलेला उपाय आम्हांला फार आवडला. त्यांनी आरंभबिंदूच यानाबरोबर फिरता ठेवला. जवळचे अंतर लहान संख्येने मोजले, की काटेकोरपणा आपोआप परत येतो. २०२२ साली आलेल्या 'अनरियल इंजिन ५' ने स्थानासाठी ६४ द्विमान अंकांची जागा देऊन हाच प्रश्न दुसऱ्या मार्गाने सोडवला. तोही उपाय योग्य आहे, पण आरंभबिंदू कोठे घ्यावा हा विचार त्यात शिकायला मिळत नाही.

वर्गात हे संगणकाशिवायही दाखवता येते. विद्यार्थ्यांना कोणतीही संख्या चारच सार्थ अंकांत लिहिण्याची अट घाला. ९.८७६ मीटरला पायरी मिलिमीटरची, ९८७.६ ला दहा सेंटिमीटरची, ९८७६ ला पूर्ण मीटरची. मग मैदानावर या पायऱ्या खडूने आखा आणि 'पायऱ्यांच्या मध्ये उभे राहायचे नाही' असे सांगा. दूरच्या मुलाची चाल अडखळती का होते, हे सर्वांना दिसेल.

यानंतर प्रयोगवह्या उघडाव्यात. टेपने मोजलेल्या २३.४ मीटरला ७ ने भागून ३.३४२८५७१ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी सॅम्पच्या नमुन्याचेच अनुकरण करीत असतो. आपण त्यावर बरोबरची खूण करतो, तेव्हा अंक जितके जास्त तितके उत्तर खरे, हा समज पक्का होतो. तेथे ३.३४ लिहायला लावणे आणि पुढचे अंक का गाळले ते विचारणे, हे शिक्षकाच्या हातात आहे.