खुनी सापडतो, शेवट सापडत नाही

डहाणू रोडहून दुपारी विरारकडे निघणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात एका मोबाइलवर चार डोकी वाकली होती. पडद्यावर कोर्ट, पिंजऱ्यात एक पांढऱ्या केसांचा भला माणूस, आणि ऐन वेळी साक्ष फिरवणारं कुणीतरी. "खून हिनेच केलाय," खिडकीजवळची म्हणाली. "ते सगळ्यांनाच माहितीये गं," दुसरी म्हणाली, "जज सोडून." बोईसर यायच्या आत चौघींचा निकाल लागला होता. मालिकेतल्या न्यायालयाचा लागायला २०२५ साल उजाडलं.

ही मालिका 'ठरलं तर मग'. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०२२ मध्ये ती सुरू झाली, 'रोजा' या तमिळ मालिकेवरून. वात्सल्य आश्रम चालवणाऱ्या मधुभाऊंवर विलासच्या खुनाचा आळ येतो, वकील अर्जुन सुभेदार त्यांचा खटला लढवतो. खरा गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकापासून लपवलेलंच नाही. यात कमीपणा काही नाही. गुन्हेगार आधी दाखवून मग जाळं कसं आवळत जातं ते रंगवणं, हा रहस्यकथेचा जुना आणि मानाचा प्रकार आहे. पण त्यात जाळं आवळत जावं लागतं. इथे शुक्रवारी आवळलेली गाठ सोमवारी सैल होते. पुरावा हाती येतो आणि हरवतो, साक्षीदार मिळतो आणि उलटतो. 'खून कोणी केला?' हा रहस्यकथेचा मूळ प्रश्न. दैनंदिन मालिकेने तो बदलून 'निकाल कधी लागणार?' असा केला. हा प्रश्न रहस्याचा नाही, तारखांचा आहे, आणि कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही तो ओळखीचा आहे.

मराठी पडद्यावर गुन्हा आधी पोलिसांसोबत आला. दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य' आणि 'हॅलो इन्स्पेक्टर'मध्ये गुन्हा घडायचा, तपास व्हायचा, बेड्या पडायच्या, आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने झोपायला जायचा. मग रोजच्या मालिका आल्या. सह्याद्री वाहिनीवर दुपारच्या वेळेला 'दामिनी'ने घराघरांत जागा मिळवली. तिची नायिका पत्रकार होती, म्हणजे शोध घेणं हे तिचं कामच होतं. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली, २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. या प्रवासात गुन्ह्याचा पत्ता बदलला. तो पोलीस चौकीतून उठून स्वयंपाकघरात आला. विष खिरीत, मृत्युपत्र देवघरात, आणि कट शिजतो जिन्याखाली. तपासनीस सून आणि संशयित सगळं सासर.

दुपारच्या वेळेने या कथांना आपला आवाजही दिला. २०२२ च्या सुरुवातीला स्टार प्रवाहने एक वाजता 'लग्नाची बेडी' आणि दीड वाजता 'मुरांबा' आणून दुपार पुन्हा गजबजवली. या वेळेचा प्रेक्षक टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला नसतो. घोलवड-बोर्डीकडे चिकू निवडताना, भांडी घासताना, पोराला भरवताना मालिका कानाने बघितली जाते. म्हणून तर कुणी "तू?" असं विचारलं की तीनदा ढोल वाजतो आणि सहा चेहरे ओळीने दाखवले जातात. त्या ढोलाला आपण हसतो, पण काम करणाऱ्या बाईला 'आता मान वर कर' असं तो सांगत असतो. कथानकं भडक होण्यामागेही हेच कारण आहे. अर्धं लक्ष दुसरीकडे असलेल्या माणसाला बारीक धागा दिसत नाही, थेट दोरखंडच दाखवावा लागतो.

हे खूळ काही आपलंच नाही. साबणवाल्यांच्या जाहिरातींवर पोसल्या म्हणून अमेरिकेत या मालिकांना 'सोप' नाव पडलं. तिथल्या 'जनरल हॉस्पिटल'मध्ये १९८१ साली खलनायकाने यंत्राने हवामान बदलून अख्खं शहर गोठवायला घेतलं. 'डेज ऑफ अवर लाइव्हज'मध्ये २००३-०४ च्या सुमारास एकामागून एक खून पडले, आणि सगळे मृत पुढे एका बेटावर सुखरूप सापडले. त्यापुढे हिंदीतली माशी झालेली सून फार वेगळी वाटत नाही.

तेव्हा तक्रार अशक्य गोष्टींबद्दल नाही. मराठीतल्या लक्षात राहिलेल्या दोन रहस्यमालिका तर पुनर्जन्मावरच उभ्या आहेत. 'असंभव'ने (२००७-०९) नावातच कबुली दिली होती. पण सतीश राजवाडे यांच्या दिग्दर्शनात शास्त्र्यांच्या वाड्याचा भूतकाळ असा उलगडत गेला की मागच्या जन्मीच्या पापाचं ओझं या जन्मीच्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसायचं. नीलम शिर्केची सुलेखा भीतिदायक वाटायची, कारण तिला काय हवंय ते आपल्याला कळत होतं. 'तुला पाहते रे' (२०१८-१९) वयातल्या अंतराची प्रेमकथा म्हणून सुरू झाली. अर्ध्या वाटेवर सुबोध भावेचा सुसंस्कृत विक्रांत सरंजामे खुनी निघाला, नायिका ईशा त्यानेच मारलेल्या राजनंदिनीचा पुनर्जन्म निघाली. तर्काला हे पटत नाही, पण गोष्टीला पटतं. कारण विक्रांतचं मार्दव आपण महिनोन्‌महिने खरं मानलं होतं, आणि फसवणूक ईशाइतकीच आपलीही झाली होती. शिवाय ही मालिका वर्षाच्या आत संपली.

आणखी दोन गाजलेल्या मालिका मात्र संपूनही संपल्या नाहीत. 'रात्रीस खेळ चाले' फेब्रुवारी २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली. कोकणातला वाडा, भावंडांचे हेवेदावे, मालवणी बोली, आणि भूत की माणूस हा संशय. आठ महिन्यांत तिने गाशा गुंडाळला. मग २०१९ मध्ये काळ मागे नेऊन दुसरं पर्व आलं आणि मेलेले अण्णाच नायक झाले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, इतकी जिवंत पात्रं पहिल्या पर्वातही नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण तिसऱ्या पर्वात ती दोघं भुतं होऊन परतली, आणि मधेच शेवंताची अभिनेत्रीही बदलली. भुताचाच चेहरा बदलल्यावर भ्यायचं कुणाला?

'देवमाणूस'चं दुखणं याहून खोल आहे. सातारा जिल्ह्यात वाई-धोम परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून ती बेतलेली. डॉक्टर म्हणून गावाने विश्वास टाकलेला माणूसच जीव घेतो, ही कल्पना कुठल्याही चेटकिणीपेक्षा भयंकर आहे, आणि किरण गायकवाडने सुरुवातीला ती थंड डोळ्यांनी उभी केली. पण बळींची संख्या वाढत गेली तशी प्रत्येक बळीची किंमत घटत गेली. मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणी लोकांच्या तोंडी बसल्या, मेलेल्या बायकांची नावं विसरली गेली. पुढे दुसरं पर्व आलं, आणि २०२५ मध्ये तर 'मधला अध्याय' आला. शेवट सापडत नाही म्हटल्यावर मध्यच पुन्हा उघडला.

हे लेखकांच्या कल्पनादारिद्र्यामुळे होतं असं मला वाटत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपीचा आकडा येतो आणि ट्रॅक लांबवायचा की गुंडाळायचा ते तोच ठरवतो. अभिनेता सोडून गेला की पात्राला दरीत ढकलायचं, परतला की दरीतून काढायचं. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये नायिका गौरी आणि नायक जयदीप मेले, नवी नावं घेऊन पुन्हा जन्मले, आणि मालिकेला आणखी एक वर्ष मिळालं. 'असंभव'मध्ये पुनर्जन्म हा कर्माचा हिशेब होता. इथे तो भाडेकराराचं नूतनीकरण झाला.

डहाणू-तलासरीत राहणाऱ्याला या कारखान्याची भिंत जवळून दिसते. घोलवडच्या पुढे उंबरगाव. रामानंद सागर यांचं 'रामायण' तिथे चित्रित झालं आणि पुढे कितीतरी पौराणिक मालिकांचे सेट तिथे उभे राहिले. २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा अनेक मालिकांनी गोवा, दमण, सिल्वासा, उंबरगावकडे बिऱ्हाड हलवलं. वाडा प्लायवूडचा असतो हे इथल्या माणसाला नवं नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही.

कारण अशक्य गोष्टी इथल्या मातीतच आहेत. वारली भगत घांगळीच्या सुरावर धान्याच्या देवीची, कणसरीची कथा गातो. त्या कथेत देव आणि माणूस एकाच अंगणात वावरतात आणि तसं कसं, असं कुणी विचारत नाही. पण ती गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कथा कुठे पोचायची आहे ते ठाऊक असतं. दाणा घरात यायचा आहे. उलट, मालिकेतला मांत्रिक लिंबू कापतो, बाहुलीला सुया टोचतो आणि दोन आठवड्यांनी लेखकाच्याही विस्मरणात जातो. ज्या भागात एखादीला 'भुताळी' ठरवलं की तिचं गावात जगणं अवघड होतं, ज्या राज्याला त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला, तिथे हा विसरभोळेपणा निरागस राहत नाही.

मार्ग नाही असंही नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वानंतर त्याच वेळेला '१०० डेज' नावाची रहस्यमालिका आली होती. शेवटाचं वचन तिने नावातच दिलं होतं. तेवढं वचन प्रत्येक खुनामागे दिलं, तरी पुरे.

मधुभाऊ सुटले त्या आठवड्यात मी पुन्हा त्याच डब्यात होते. समोरच्या बाईंना विचारलं, पाहिलंत का? "पाहिलं ना. बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मग पिशवीतला चिकू काढून दाबून पाहिला, अजून कच्चा होता, परत ठेवला. "पण इतके दिवस लावले, की रडायचं राहूनच गेलं."